प्याला रसाचा, प्याला सोड्याचा

आमचं सावनेर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. मराठी माणसाला ते दोन कारणांनी ठाऊक असतं. एक कारण संत्री. दुसरं कारण राम गणेश गडकरी. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेरला वारले आणि 'एकच प्याला' हे त्यांचं नाटक त्यांच्या पश्चात त्याच वर्षी रंगभूमीवर आलं. त्या नाटकातला प्याला दारूचा होता. आज मला जो प्रश्न घ्यायचा आहे तो त्यामानाने अगदी साधा, घरगुती आहे. मूल थंड्याची बाटली मागतं. आई म्हणते, "ते नको रे, त्यापेक्षा ज्यूस घे." पाहुणे येतात, पेशंटला भेटायला माणसं जातात, तेव्हाही हाच विचार असतो. थंडं म्हणजे वाईट, फळांचा रस म्हणजे चांगला. हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. ती आज करू. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण या दोन्ही प्याल्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. कवीला तेवढी सवलत असावी. अरबी भाषेत 'पिणे' या अर्थाचा एक धातू आहे, शीन-रे-बे. त्यापासून 'शराब' झाला आणि 'शरबत'ही झालं. म्हणजे शराब आणि शरबत या सख्ख्या बहिणी. मूळ अरबीत शराब म्हणजे नुसतं पेय. नशेचा अर्थ फारसी-उर्दूतून येताना तिला चिकटला. एक बहीण बदनाम झाली आणि दुसरी रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर मानाने बसली. हाच शब्द युरोपात गेला, तिथे त्याचं 'सिरप' झालं. आणि 'सिरप' म्हटलं की आपल्याला औषधाची बाटली आठवते, ते काही उगाच नाही. शरबतं मुळात हकिमांच्या दवाखान्यातूनच आली. दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांनी १९०७ मध्ये 'रूह अफजा' तयार केलं, तेही उन्हाळ्याच्या त्रासावर उतारा म्हणूनच.

फळाच्या नावाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. आपला 'नारंग' हा शब्द फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांखा होत होत इंग्रजांच्या 'ऑरेंज'पर्यंत पोहोचला. आणि 'संत्रा'? बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या लिंबाच्या कुळातल्या फळांची मोठी हौसेने यादी दिली आहे, तिच्यात 'संगतरा' आहे. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी हे नाव इथे होतं.

आता सोड्याकडे वळू. १७६७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाचे धर्मोपदेशक राहत होते. शेजारी बिअरची भट्टी. आंबवणाच्या पिंपांवर जो वायू साचतो, त्यावर त्यांनी पाणी धरलं, हलवलं, आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्यांनी ही कृती एका पुस्तिकेत छापली. त्यांना काय वाटलं असेल? हे पाणी खलाशांच्या स्कर्व्हीवर औषध ठरेल, असं त्यांना वाटलं! स्कर्व्ही म्हणजे हिरड्यांतून रक्त येणं, दात हलणं, जखमा न भरणं. लांबच्या सफरीवर तो रोग खलाशांचा काळ होता.

गंमत अशी की या रोगाचं खरं औषध पंचवीस वर्षं आधी सापडलेलं होतं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सफरचंदाची आंबवलेली वाइन. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. तीच जोडी सर्वांत लवकर उठून बसली. तरीही इंग्रज आरमाराने लिंबाचा रस खलाशांना नेमाने द्यायला १७९५ साल उजाडलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे 'क' जीवनसत्त्व, हे कळायला तर विसावं शतक यावं लागलं. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला त्या संशोधनासाठी १९३७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणजे पहा, सोडा आणि फळाचा रस यांची पहिली स्पर्धा आजाऱ्याच्या खाटेजवळ झाली, आणि त्या स्पर्धेत रस निर्विवाद जिंकला. रसाची आजची पुण्याई ही त्या विजयाची आहे. पण तो विजय जीवनसत्त्वाच्या उपासमारीवर मिळवलेला होता, हे आपण विसरलो.

सोड्याचं मात्र काही अडलं नाही. योहान जेकब श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभारला आणि पुढे तो लंडनला नेला. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रजाने मानेत काचेची गोळी अडकवलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं. आत भरलेला वायूच गोळीला वर दाबून धरतो, बूच लागत नाही. हीच आपली गोळी सोड्याची बाटली. मुंबईत पालनजींनी १८६५ पासून आणि पुण्यात अर्देशीर यांनी १८८४ पासून सोडा, रासबेरी, लेमन अशी पेयं बनवायला सुरुवात केली. इराणी-पारशी हॉटेलांतून ती गावोगाव गेली. आमच्याकडे जत्रेत अंगठ्याने गोळी दाबून 'फटाक्' असा आवाज काढणारा सोडेवाला ज्याने पाहिला नाही, त्याचं बालपण थोडं उणंच म्हणायचं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपण मराठीत ज्याला सोडा म्हणतो, त्या साध्या सोड्यात साखर नसते. ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू, बस्स. अमेरिकन माणूस 'सोडा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोला असतो, म्हणजे आपलं 'थंडं'. त्यामुळे परदेशातला सल्ला जसाच्या तसा उचलताना गफलत होते. बिचारा साधा सोडा विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

साखर आली ती दारूबंदीच्या वाटेने. ही हकिकत गडकऱ्यांना आवडली असती. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचे दंतवैद्य होते, कट्टर मद्यविरोधी. चर्चमधल्या विधीत वाइन देतात, हे त्यांना रुचेना. १८६९ मध्ये त्यांनी द्राक्षांचा रस पाश्चरच्या पद्धतीने तापवून बाटलीत बंद केला, म्हणजे तो आंबणार नाही. बाटलीबंद फळांच्या रसाच्या धंद्याचा उगम इथे आहे. त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८६ मध्ये, अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने कोका-कोला काढलं. आधी ते वाइन घातलेलं एक टॉनिक विकत असत. शहरात दारूबंदी आली, तेव्हा त्यांनी वाइन काढून साखरेचा पाक घातला. तो सोड्यात मिसळून औषधाच्या दुकानातच पाच सेंटला एक पेला विकला जाऊ लागला.

म्हणजे बाटलीतला रस आणि बाटलीतलं थंडं, दोघांचंही घराणं एकच. दोघेही दारूला पर्याय म्हणून आले, आणि दोघांनीही औषधाचा झगा घातला होता. एकाचा झगा पुढे गळून पडला, दुसऱ्याचा अजून अंगावर आहे.

तो टिकला कसा? कॅलिफोर्नियातल्या संत्रा उत्पादकांची सहकारी संस्था होती, 'सनकिस्ट' हे तिचं नाव आपण ऐकलं असेल. पीक अमाप येऊ लागलं. माणूस संत्रं खाऊन खाऊन किती खाणार? एक, फार तर दोन. पण पेलाभर रसाला दोन-तीन सहज लागतात. १९१६ मध्ये त्यांनी जाहिरातीची मोहीम काढली, तिचा मथळा होता 'संत्रं प्या'. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना 'क' जीवनसत्त्व पुरवायचं म्हणून फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी रस आटवून गोठवण्याची रीत शोधली आणि १९४८ मध्ये तिचं पेटंट निघालं. अमेरिकेच्या न्याहरीत रसाचा पेला कायमचा येऊन बसला. त्यामागे आरोग्य होतंच, पण बागेतलं जादा फळ खपवण्याची निकडही होती. आणि शेवट पहा. 'मिनिट मेड' ही रसाची कंपनी १९६० मध्ये कोका-कोलाने घेतली, 'ट्रॉपिकाना' १९९८ मध्ये पेप्सिकोने घेतली. ज्यांना आपण प्रतिस्पर्धी समजत होतो, ते एकाच फडताळात नांदू लागले.

आपल्याकडचा इतिहास अनेकांना आठवत असेल. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोलाने भारतातून गाशा गुंडाळला. उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. त्या पोकळीत सरकारी 'डबल सेव्हन' आलं, पारलेचं 'थम्स अप' आलं. 'गोल्ड स्पॉट' हे संत्र्याच्या स्वादाचं पेय आधीपासून होतंच. संत्र्याच्या जिल्ह्यातल्या लग्नातही पाहुण्यांना संत्र्याच्या वासाचं थंडं दिलं जाई, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे! १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं आणि पारलेच्या याच पेयांची नावं त्याने विकत घेतली. मग २००३ चा ऑगस्ट उजाडला. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने त्या निष्कर्षांना दुजोरा दिला. समितीच्या विषयात फळांचे रसही होते, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते थंडं. त्या सुमारास अनेक घरांतून कोल्याची बाटली गेली आणि तिच्या जागी फळांची चित्रं असलेला कागदी डबा आला. आपण आरोग्याच्या बाजूला आलो, असं मनाला समाधान वाटलं.

आता हिशेब मांडू. कोल्यात दर १०० मिलिलिटरमागे साखर साडेदहा ग्रॅमच्या आसपास. संत्र्याच्या ताज्या, वरून काहीही न घातलेल्या रसात ८ ते १० ग्रॅम. द्राक्षाच्या रसात कोल्याहूनही जास्त. उसाच्या रसात १३ ते १५. म्हणजे २०० मिलिलिटरचा पेला धरला तर कोल्यात चहाचे चार चमचे साखर, आणि संत्र्याच्या रसात साडेतीन-चार. फरक एवढाच. "पण ती नैसर्गिक साखर आहे ना?" असं लगेच विचारलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी सूचना दिल्या, त्यांत 'मुक्त साखर' असा एक वर्ग केला आहे. वरून घातलेली साखर त्यात येते, मध येतो, आणि फळांचा रसही येतो. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात येत नाही. ही मुक्त साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, राहिली तर अधिक चांगलं, असं संघटना सांगते.

एकाच संत्र्यातली साखर फोडीत असताना निर्दोष आणि पेल्यात आल्यावर दोषी, हे कसं? साखर तीच असते, वाट बदलते. फोडीत ती चोथ्यात, पेशींच्या पिशव्यांत कोंडलेली असते. चावावं लागतं, वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव होते, साखर रक्तात हळूहळू उतरते. रस काढताना चोथा मागे राहतो. शिवाय एक पेला रसाला आपल्याकडची तीन-चार संत्री लागतात. ती सोलून खायला बसलात तर पाव तास जाईल आणि तिसऱ्यावर हात थांबेल. पेला मात्र एका मिनिटात रिकामा होतो, आणि पोटाला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत सुमारे १ लाख ८७ हजार लोकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक निष्कर्ष मांडला. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं, खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी आढळला, तर फळांचे रस जास्त पिणाऱ्यांत तो थोडा वाढलेला आढळला. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत रसापेक्षा अख्खं फळ बरं, असंच म्हटलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. अशा देशात ही गोष्ट केवळ पुस्तकी राहत नाही.

मग रस आणि कोला सारखेच का? नाही, तसं म्हणणं रसावर अन्याय होईल. ताज्या रसात 'क' जीवनसत्त्व आहे, पोटॅशियम आहे, फोलेट आहे. कोल्यात साखर, आम्ल आणि कॅफिन यापलीकडे काही नाही. दोनच पेले समोर असतील आणि एक उचलणं भाग असेल, तर ताज्या रसाचा लहान पेला उचलावा. पण रस म्हणजे फळ, असं समजून मोठमोठे पेले रिचवू नयेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर रस देऊच नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं. मधुमेह्याची साखर एकदम खाली गेली तर पेलाभर रस उपयोगी पडतो. पण तो उपचार झाला, रोजचा आहार नव्हे.

आणि हे सगळं ताज्या रसाविषयी झालं. डब्यावर 'फ्रूट ड्रिंक' लिहिलं असेल तर कायद्याने त्यात दहा टक्के फळ असलं तरी पुरतं, लिंबाच्या बाबतीत पाचच टक्के. बाकी पाणी आणि साखर. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तयार केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असं लिहिणं बंद करा, असा आदेश भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये काढावा लागला. डब्यावरचं चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

इथवर बोललो ते आरोग्याचं. पण सावनेरच्या माणसाला इथे थांबता येत नाही. त्याच्यासाठी रस हा केवळ पिण्याचा पदार्थ नाही. सावनेर, काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि तिकडे वरुड-मोर्शी हा सगळा संत्र्याचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजीराजे भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून संत्र्याचं रोप नागपुरात आणलं, असं सांगितलं जातं. पुढे जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलमं झाली, विहिरी खोदल्या गेल्या, बागा वाढल्या. आंबिया आणि मृग असे दोन बहार. झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, फूल धरायचं, फळगळीला तोंड द्यायचं, कोळशीचा रोग सांभाळायचा, आणि शेवटी भाव काय मिळेल ते व्यापारी ठरवणार. त्यात जे फळ लहान राहतं, ज्याला आम्ही 'चुरी' म्हणतो, त्याला बाजारात कुणी विचारत नाही. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्याने २०१९ पासून आयातशुल्क वाढवत नेलं आणि इथले भाव कोसळले. रस्त्याच्या कडेला ओतलेल्या संत्र्यांचे ढीग आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

म्हणून शेतकरी म्हणतो, रसाचे कारखाने काढा. मागणी जुनी आहे. 'नोगा' हे नाव घरोघर ठाऊक आहे. ते 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन'च्या आद्याक्षरांचं. म्हणजे बागाईतदारांच्याच संघटनेतून ते निघालं आणि पुढे राज्याच्या कृषि उद्योग विकास महामंडळाकडे गेलं. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा मोठा अन्नप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, तिथेही संत्र्याचा रस निघतो. सप्टेंबर २०१४ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूर इथे पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना आवाहन केलं होतं की आपल्या पेयांत पाच टक्के तरी फळांचा रस घाला, शेतकऱ्याचं भलं होईल. करांचं धोरणही रसाच्या बाजूचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसावर जीएसटी पाच टक्के आणि वायुयुक्त थंड्यावर चाळीस टक्के. कॅलिफोर्नियात १९१६ मध्ये जो पेच होता, तोच शंभर वर्षांनी आमच्या दारात आहे: फळ जास्त आहे, ते खपवायचं कसं?

यात एक अडचण मात्र निसर्गानेच करून ठेवली आहे. नागपुरी संत्रं रसासाठी जन्माला आलेलंच नाही. जगाचा रस निघतो तो घट्ट सालीच्या, मोसंबीच्या जातीच्या फळांतून. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. त्यावर उपाय निघाले आहेत, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत यावर काम चालतं, पण त्याला खर्च येतो.

मग शेतकऱ्याचं हित आणि खाणाऱ्याचं हित एकमेकांच्या आड येतात का? मला तसं वाटत नाही. चुरीचा, डागाळलेल्या फळाचा रस जरूर निघावा. फेकून देण्यापेक्षा ते शतपटीने बरं. तो सणासुदीला, पाहुण्यांना, लहान पेल्यात दिला जावा. पण चांगल्या फळाला चांगला भाव हवा असेल, तर ते फळ म्हणूनच खपलं पाहिजे. शाळेतल्या दुपारच्या जेवणात हंगामात एक संत्रं देता येईल. दवाखान्यात जाताना रसाच्या डब्याऐवजी चार संत्री नेता येतील. लग्नात थंड्याच्या बाटल्यांऐवजी टोपलीभर संत्री ठेवता येतील. आपण विदर्भातले लोक जरी हे करू लागलो तरी बागाईतदाराला बांगलादेशाकडे डोळे लावून बसावं लागणार नाही. आणि तहानेचं म्हणाल, तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपल्या घरात मठ्ठा आहे, माठातलं पाणी आहे, लिंबू पिळून मीठ घातलेला बिनसाखरेचा साधा सोडाही आहे.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. चाकू लागत नाही, मिक्सर लागत नाही, वीज लागत नाही. बोटाने सोलावं, दहा-अकरा फोडी निघतात, त्या घरातल्या सगळ्यांनी वाटून खाव्यात. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहार बाजारात येईल, तेव्हा एवढं करा. भावासाठी फार घासाघीस मात्र करू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)